क्राऊन-पिनियनची जोडी जमवताना

भरलेली पिकअप जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर पवईच्या चढाला लागली की मागून ‘ऊंऽऽ’ असा सूर निघतो. ॲक्सिलेटर सोडला की सूर बदलतो, दाबला की परत येतो. पहिले दोन महिने ड्रायव्हर टेपचा आवाज वाढवतो. मग सिग्नल सुटताना खालून ‘खट्ट’ ऐकू येऊ लागतं आणि मेकॅनिक गाडीखाली डोकं घालून एका दमात निकाल देतो : “क्राऊन-पिनियन गेलं.”

कधी खरंच गेलेलं असतं, कधी नसतं. म्हणून पिशवी घेऊन कुर्ल्याच्या स्पेअर बाजारात निघण्याआधी आवाज नीट ऐकावा. सुटताना येणारा ‘खट्ट’ बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. क्रॉस बदलणं हे अर्ध्या दिवसाचं आणि थोड्या पैशांचं काम. आवाज फक्त वळणावर येत असेल, तर डिफरन्शियलच्या पोटातले छोटे स्टार-पिनियन पाहावेत. गाडी डावी-उजवीकडे हेलकावली की घरघर कमी-जास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग. मात्र ओढताना एक सूर, सोडताना दुसरा, आणि ठरावीक वेगालाच तो चढत असेल, तर दात झिजलेत किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं झालंय असं समजा. खात्री तेल काढल्यावर होते. तेलात टोचणारे तुकडे आले, तर पुढे वाचा.

इंजिनाची फिरकी शाफ्टमधून मागे येते ती गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि चाकं फिरतात आडव्या आसावर. हे काटकोनातलं वळण घडवायचं काम पिनियन आणि क्राऊन करतात. पिनियन लहान, आठ-दहा दातांचा. क्राऊन ताटलीएवढा, चाळीसेक दातांचा. वळण घेता घेता वेग घटतो आणि तेवढ्याच पटीने ओढ वाढते. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हाच तो रेशो. ४३ ला ८ ने भागलं तर ५.३८, ३९ ला ८ ने भागलं तर ४.८८, ४७ ला ११ ने भागलं तर ४.२७, आणि ४१ ला ११ ने भागलं तर ३.७३. आकडा मोठा तर ओढ जास्त, धाव कमी. गॅरेजात ‘हाय’ आणि ‘लो’ हे शब्द दोन माणसं दोन उलट अर्थांनी वापरतात. भांडण टाळायचं तर आकडाच बोलावा.

या जोडीत आणखी एक खुबी आहे. पिनियन क्राऊनच्या मध्यावर न बसता थोडा खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने ती १९२६ च्या सुमारास मोटारीत आणली. शाफ्ट खाली गेला, मोटारीचा तळ बुटका झाला आणि आवाजही कमी झाला. पण घसरणाऱ्या दातांना साधं तेल पुरत नाही. गंधकाचा वास मारणारं ९० नंबरचं जीएल-५ तेल लागतं ते त्यासाठीच.

आता रेशो कुठला घ्यायचा? इथे बहुतेकांची पहिली चूक होते : दुकानात जाऊन ते गाडीचं नाव सांगतात. “टाटा २०७ चं द्या,” “बोलेरो पिकअपचं द्या.” एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे, इंजिनाप्रमाणे, गिअरबॉक्सप्रमाणे रेशो बदलतात. शिवाय वीस वर्षांची पिकअप म्हणजे तीन मालक आणि पाच मेकॅनिक. आत कंपनीचीच जोडी उरली असेल याची हमी कुणी द्यावी? जीपच्या घराण्यातलं जुनं उदाहरण बोलकं आहे. महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता. युद्धानंतर तीच जीप शेतीसाठी विकायला काढली तेव्हा नांगर ओढायची ओढ हवी म्हणून ५.३८ बसवला, आणि तोच पुढे सीजे-३बी मॉडेलपर्यंत चालत आला. बाहेरून पाहणाऱ्याला या गाड्या बहिणी-बहिणी वाटतात.

म्हणून आधी आपल्या गाडीचा रेशो मोजावा. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे सोपं आहे. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. दोन अशासाठी, की दुसरं चाक जमिनीला टेकलेलं आहे आणि डिफरन्शियल दोन्ही चाकांची सरासरी धरतं. शाफ्ट पावणेचार फिरला तर ३.७३, सव्वाचार तर ४.२७, पाचाला जरा कमी तर ४.८८. हाऊसिंग उघडल्यावर दात मोजून शिक्कामोर्तब करा.

झिजलेल्या जोडीच्या जागी त्याच रेशोची जोडी घालणं, हा माझ्या मते दहातल्या नऊ पिकअपसाठी योग्य निर्णय. तरी दहावा असतोच. कुणी मोठे टायर चढवलेले असतात, कुणी चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स बसवलेला असतो, कुणाचा धंदाच बदललेला असतो. त्यांच्यासाठी थोडा हिशोब.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. २१५/७५ आर १५ टायर भाराखाली एका फेरीत साधारण २.१५ मीटर जातो, म्हणजे चाक मिनिटाला ४६५ वेळा फिरतं. टॉप गिअर सरळ एकास एक असेल तर इंजिनाच्या फेऱ्या अशा पडतात : ५.३८ ला २५००, ४.८८ ला सुमारे २२७०, ४.२७ ला १९९०, ३.७३ ला १७३०. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर यातला प्रत्येक आकडा पाचव्या हिश्शाने कमी करा. ४.८८ वरून ४.२७ वर आलात तर फेऱ्या आठव्या हिश्शाने उतरतात, हे ऐकायला गोड. पण ओढही त्याच आठव्या हिश्शाने उतरते.

आणि उपनगरातली पिकअप साठच्या वेगाने चालते तरी किती वेळ? वाशीच्या मार्केटमधून पहाटे भाजी घेऊन बोरिवलीला येणारी गाडी पहिला तासभर पळते, मग दिवसभर सिग्नल-सिग्नल खेळते. साकीनाक्याला अर्ध्या क्लचवर उभी राहणारी, असल्फ्याच्या डोंगरवस्तीत सिमेंटची पोती चढवणारी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारी होते. तिला लहान आकडा दिला तर डिझेल वाचल्याचा भास होतो आणि क्लचप्लेट लवकर जळते. याउलट भिवंडीच्या गोदामातून माल भरून आठवड्यातून चार वेळा कसारा ओलांडणारी गाडी ५.३८ वर केकाटत असेल, तर तिला एक पायरी खाली आणायला हरकत नाही. रेशो आपल्या रस्त्याने ठरवायचा. शेजारच्या पिकअपवाल्याचं मायलेज त्याच्या रस्त्यावरचं असतं.

रेशो बदलणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल बहुधा गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते, तिला मागे काय बदललं याचा पत्ता नसतो. ४.८८ काढून ४.२७ घातला की काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६८ ने जात असेल. हायवेवरचे कॅमेरे तुमच्या काट्याकडे पाहत नाहीत. दुसरी गोष्ट फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांची : मागचा रेशो बदलला तर पुढचाही तोच हवा. नाहीतर फोर-व्हील टाकताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि त्यात काहीतरी तुटतं.

मग खरेदी. नव्या मालासाठी अधिकृत स्पेअरचं दुकान, जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. नवी जोडी घेताना नाव पाहावं. क्राऊन-पिनियन बनवणारा भारत गियर्सचा कारखाना तर इथेच, मुंब्र्याला आहे. खोक्यावरच्या छपाईपेक्षा आतल्या धातूवर कोरलेले आकडे वाचा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक असतो. लग्नात पत्रिका न जुळताही संसार होतात. इथे होत नाहीत. एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन, दातांची संख्या तंतोतंत सारखी असली तरी पहिल्या दिवसापासून रडतात. अर्धी जोडी स्वस्तात मिळत असेल तर ती अर्धी का उरली, हे विचारून पाहा.

पिनियनच्या तोंडावर +२, -३ असाही एखादा आकडा असतो. तो दर्जाचा शिक्का नव्हे. ठरलेल्या खोलीपेक्षा हा पिनियन किती पुढे-मागे बसवायचा, याची ती कारखान्याने लिहिलेली चिठ्ठी आहे. मेकॅनिक तो आकडा न वाचताच पिनियन ठोकायला निघाला, तर दुसरा मेकॅनिक शोधावा.

जोडी हाऊसिंगमध्ये मावेलच असंही नाही. जीपच्या डाना ४४ ॲक्सलमध्ये क्राऊन ज्याला बोल्टने कसतात ती केज दोन मापांची येते : ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना एक, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरी. मोठ्या आकड्याचा पिनियन लहान असतो, म्हणून क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागतं. ४.८८ वरून ३.७३ वर जाणाऱ्याला केजही घ्यावी लागते, आणि हे बहुतेकांना ॲक्सल उघडल्यावर कळतं. स्प्लाइनचंही तसंच. त्याच डाना ४४ च्या ॲक्सल शाफ्टला जुन्या काळी १० खाचा होत्या, पुढे १९ झाल्या, मग ३०. पिनियनच्या १० आणि २६. जुना नग पिशवीत घालून न्यावा आणि काउंटरवर शेजारी ठेवून खाचा मोजाव्यात. लाज वाटायचं कारण नाही.

तिसरा मार्ग म्हणजे भंगारात निघालेल्या गाडीचा अख्खा मागचा ॲक्सल उचलणं. अनेक जुने मेकॅनिक हाच सल्ला देतात आणि त्यात आळसाइतकंच शहाणपणही आहे, कारण कारखान्यात बसलेली सेटिंग कुणी हलवलेली नसण्याची शक्यता असते. तेल काढून पाहा, पिनियन हाताने हलवून प्ले पाहा, दात टॉर्चने पाहा. मग टेप काढा : पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, ड्रमचं माप, चाकाचे बोल्ट पाच की सहा, शाफ्टच्या फ्लँजची भोकं, हँडब्रेकची केबल. एकही माप चुकलं तर स्वस्त ॲक्सल वेल्डिंगवाल्याकडे जाऊन महाग होतो. आणि बिल घ्या. चोरीच्या गाड्याही सुट्या होऊनच विकल्या जातात.

जोडी चांगली मिळाली तरी काम अर्धंच झालं. उरलेलं अर्धं बसवण्यात आहे, आणि मजुरीत घासाघीस नेमकी तिथेच केली जाते. जोडीबरोबर बेअरिंग आणि सील नवीच घाला. जुन्या बेअरिंगवर नवे दात बसवणं म्हणजे नव्या धोतराला जुनं ठिगळ. पुढे चार मापं जुळवायची असतात आणि एक हललं की दुसरं हलतं. पिनियनची खोली पत्र्यांनी म्हणजे शिमनी ठरते. पिनियनच्या बेअरिंगवर आधीच थोडा ताण द्यावा लागतो. डाना ४४ मध्ये नवी बेअरिंग असताना पिनियन फिरवायला सुमारे २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर जोर लागायला हवा. टॉर्क पाना नसला तर जुने लोक दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने मोजतात, तेही चालतं. “हाताला बरोबर लागतंय” हे चालत नाही. तिसरं माप प्ले : क्राऊन धरून पिनियनशी हलवला तर डायल गेजवर साधारण ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर दिसावं. दुसऱ्या ॲक्सलसाठी त्याच्याच पुस्तकातले आकडे घ्यावेत. शेवटचं माप केजच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवरच्या ताणाचं.

आणि मग परीक्षा. क्राऊनच्या चार-सहा दातांना मार्किंगची पेस्ट लावतात. ती नसली तर शेंदूर तेलात कालवतात. क्राऊन थोडा अडवून धरत दोन्ही दिशांनी फिरवला की दातावर जिथे घासलं तिथला रंग उडतो. तो डाग दाताच्या मध्यावर हवा. दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन फार आत गेलाय, माथ्यावर पडला तर फार बाहेर राहिलाय. पत्री बदला, सगळं पुन्हा कसा, पुन्हा रंग लावा. चांगला मेकॅनिक हे तीन-चारदा करतो, त्यात दिवस जातो, आणि मालक दारात उभा राहून घड्याळ पाहत असतो. मी तर म्हणेन, मालकाने आत जाऊन तो डाग स्वतः पाहावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

गाडी बाहेर आली की लगेच दीड टन भरून कसाऱ्याला पाठवू नका. पहिल्या दिवशी रिकामी, वीसेक मिनिटं चालवा आणि हाऊसिंग हात ठेवण्याइतकं निवेपर्यंत थांबा. असं दोन-तीनदा करा. नवे दात तापतात, आणि पहिल्याच फेरीत जास्त तापले तर त्यांची कडक कातडी नरम पडते. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या भाराने काढा.

पावसाळ्यात बसवत असाल तर हाऊसिंगवरची ब्रीदरची टोपी तेवढी बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी रोज नसतं, पण अंधेरीच्या सबवेत चाकभर पाणी दरवर्षीचंच. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर तो दिवस संपायच्या आत बदलावं.

५०० किलोमीटरनंतर तेल बदलायचंच आहे. निघालेल्या तेलात चुंबक फिरवा. त्यावर मऊ, करडा, काजळासारखा लेप आला तर दात एकमेकांना रुळताहेत. बोटाला टोचेल असं काही आलं, तर गाडी तिथेच ठेवून मेकॅनिकला फोन करा, आणि डागाचा तो फोटो त्याच्यासमोर उघडा.