पाऊस थांबला, मग ओढा का चढला?

पावसाळ्यात कर्जतला उतरून कोंडिवड्याच्या वाटेने राजमाचीला जाणारे, किंवा खांडसहून भीमाशंकर चढणारे बरेच जण असतात. सकाळी जाताना वाटेतला ओढा जेमतेम घोट्याइतका असतो. दुपारी परत येताना पायथ्याशी पाऊस नसतो, कधी ऊनही पडलेले असते. पण तोच ओढा गढूळ होऊन गुडघ्यापर्यंत चढलेला दिसतो. हे पाणी आले कोठून?

अरबी समुद्रावरून येणारा बाष्पयुक्त वारा सह्याद्रीच्या कड्याला अडतो आणि वर चढू लागतो. वर दाब कमी असल्यामुळे हवा प्रसरण पावते व थंड होते. ढग बनू लागेपर्यंत दर 1000 मीटर चढणीला तिचे तापमान सुमारे 10 अंश सेल्सिअसने उतरते. थंड हवेत बाष्प कमी मावते. जास्तीच्या बाष्पाचे थेंब होतात. म्हणून कर्जतच्या सपाटीपेक्षा डोंगरमाथ्यावर पाऊस अधिक पडतो. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर मुसळधार चालू असू शकते.

आता थोडे गणित करू. समजा, ओढ्याचे पाणलोट क्षेत्र फक्त 1 चौरस किलोमीटर आहे आणि तासाभरात तेथे 50 मिलिमीटर पाऊस पडला. 10 लक्ष चौरस मीटर गुणिले 0.05 मीटर, म्हणजे 50,000 घनमीटर, अर्थात 5 कोटी लिटर पाणी! 10,000 लिटरचे 5,000 टँकर त्यात भरतील.

हे सारे पाणी ओढ्यात येते का? ते ऋतूवर अवलंबून आहे. जूनच्या आरंभी तापलेली कोरडी माती बरेच पाणी पिऊन टाकते. जुलै-ऑगस्टमध्ये माती आधीच चिंब असते, खाली बेसाल्टचा कातळ असतो आणि उतारही तीव्र. मग बहुतेक पाणी तडक ओढ्याकडे धावते. तरी ते खाली पोहोचायला वेळ लागतोच. म्हणून वरचा पाऊस थांबल्यावरही ओढा काही काळ चढत राहतो.

पाणी गुडघ्याइतकेच तर आहे, असे म्हणून उतरावे का? खोलीबरोबर वेगही पाहिला पाहिजे, कारण पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघ्यापर्यंतचे दोन पाय प्रवाहाला सुमारे 0.12 चौरस मीटर अडथळा करतात असे धरू. वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर रेटा सुमारे 60 न्यूटन, म्हणजे 6 किलो वजनाइतका. वेग 2 मीटर झाला की 24 किलो, आणि 3 मीटर झाला की 54 किलो!

याला तोंड देते ते पायाखालचे घर्षण. शेवाळलेल्या दगडावर घर्षणांक 0.3 धरला, तर 50 किलो वजनाचा मुलगा जास्तीत जास्त 15 किलोचा रेटा सोसेल. पाण्याच्या उद्धरणामुळे तेवढाही नाही. शिवाय पाऊल उचलले की सारा भार एकाच पायावर येतो. सेकंदाला 2 मीटर वेगाचे पाणी त्याला सहज ओढून नेईल.

हा वेग काठावरूनच मोजता येतो. काठाने 10 मीटर अंतर मोजा, प्रवाहात एक पान टाका आणि घड्याळ पाहा. पानाला 5 सेकंद लागले, तर वेग 2 मीटर. पाण्याच्या कडेला एक दगडही खूण म्हणून ठेवा. दगड बुडू लागला, पाणी गढूळले किंवा काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर ओढा चढतो आहे असे समजा आणि काठापासून दूर, उंचावर थांबा.

असे लहान ओढे झपाट्याने चढतात, तसे वरचा पाऊस थांबला की बहुधा काही तासांत उतरतातही. संध्याकाळची गाडी चुकली तर पुढची मिळते. म्हणून सहलीचे वेळापत्रक आखताना ओढ्याकाठी थांबण्याचे ते काही तास आधीच हिशेबात धरा.