गोठा कोणी तपासावा?

पवारांच्या जुन्या धार-देवास संस्थानांतील कित्येक खेड्यांत दूध सहकारी संस्थेच्या केंद्रावर घातले जाते. तेथे स्निग्धांश मोजतात. गोठ्याची स्वच्छता, जनावराचा रोग कोण पाहतो? सर्व दूध संस्थेसच घालणाऱ्या सभासदास २०११ च्या नियमांनी नोंदणीतून सूट दिली. अन्नव्यवसायात आर्थिक हितसंबंध असणाऱ्यास अन्नसुरक्षा अधिकारी नेमण्यास २००६ च्या कायद्याखालील नियमांनी मज्जाव केला, तो योग्यच. अमेरिकेत मात्र दुग्धोद्योगाचा नोकरही शासनाची मान्यता मिळवून गोठे तपासू शकतो. माळव्यातच नव्हे, आपल्या कोकणातही संस्थेच्या पर्यवेक्षकास असा परवाना द्यावा. परंतु तो देण्याचा व काढून घेण्याचा अधिकार शासनाचाच असावा. एरवी कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावयाची?