खुर्चीचा कर्ता कोण?

(राजूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाच्या माणसाने जुन्या लाकडी खुर्चीवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या नैयायिकांनी घट आणि पट या दोन वस्तूंवर शतकानुशतकं वाद घातले. मग आपण तासभर खुर्चीवर बोलायला काय हरकत आहे?

खुर्ची चंडीगडची आहे. फाळणीत लाहोर पलीकडे गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. म्हणून १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली नवं शहर आखायला घेतलं. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे तिथे राहायला गेले ते १९६५ पर्यंत. सोबत आपले तरुण वास्तुविशारद होते. त्या यादीत प्रभावळकर, देठे ही आडनावं दिसली की आपले कान टवकारतातच! त्यांच्यातच युली चौधरी होत्या. त्या काळात या व्यवसायात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथल्या फर्निचरच्या कामात त्यांचा वाटा मोठा आहे, पण बाजारात नाव चालतं ते बहुतेक वेळा एकट्या जानरेंचंच.

इमारती उभ्या राहिल्या, पण बसायचं कशावर? सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं, सगळीकडे हजारो खुर्च्या-टेबलं हवी होती. पैसा बेताचा, मोठा कारखाना जवळ नाही. मग जे हाताशी होतं ते घेतलं: सागवान, उत्तरेकडचा शिसम, वेत आणि स्थानिक सुतार. सागात मुळातच तेल असतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही. वेताच्या विणीतून हवा खेळते. पंजाबातल्या जूनमध्ये गादीवर बसून बघा म्हणजे कळेल. आणि पाय! बाजूने पाहिलं तर उलट्या व्ही अक्षरासारखे, कंपास उघडून ठेवावा तसे. वरून वजन आलं की ते दोन तिरक्या लाकडांत वाटलं जातं. त्रिकोण सहजी डगमगत नाही, हे आपल्या घराचे कैचीवासे बांधणाऱ्याला सांगावं लागत नाही.

काम एका ठिकाणी झालं नाही. आराखडा कार्यालयातून निघायचा आणि वेगवेगळ्या कारखान्यांत घडायचा. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या ताडून पाहिल्या तर हाताची जाडी, पायाचा कोन यांत थोडाफार फरक सापडतो. संग्राहकाला या फरकाचं कौतुक असतं. मला तो फरक म्हणजे सुतारांनी न केलेली सही वाटते.

पुढे वेत तुटला, खुर्च्या डुगडुगू लागल्या, लोखंडी आणि प्लास्टिकचं सामान आलं. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना पुढचं माहीत आहे. डेड स्टॉक रजिस्टर, निर्लेखन, मग लिलाव. गच्चीवर रचलेले ढीग भंगाराच्या भावाने गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, दुरुस्त केले आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेक नग लाखो रुपयांना विकला. एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ साली यावर ‘प्रॉव्हनन्स’ हा चित्रपट केला. तो उलटा चालतो. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सुरू होऊन चंडीगडच्या ढिगापर्यंत येतो.

१९८० साली मोनाकोमध्ये इंदूरच्या होळकरांच्या माणिकबाग महालातलं सामान असंच लिलावात गेलं होतं. पण ती राजाने नामवंतांकडून घडवून घेतलेली चीज होती, प्रत्येक वस्तूचा जनक ठाऊक होता. चंडीगडची खुर्ची कारकुनाची.

आता गंमत ऐका. ही खुर्ची अस्सल आहे हे बाजारात कशावरून ठरतं? तर मागे किंवा खाली रंगाने लिहिलेल्या अक्षरांवरून, म्हणजे खातं आणि नग क्रमांक. डेड स्टॉकचा जो आकडा आपण कंटाळून रंगवतो, तोच लाखांचा दाखला! सुताराचं नाव मात्र कुठेही नाही.

इथे न्यायशास्त्र उपयोगी पडतं. नैयायिक म्हणतात, कर्ता तो, ज्याला उपादानाचं, म्हणजे कच्च्या मालाचं, प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि ज्याचा प्रयत्न आहे. तिन्ही हवेत. जानरेंना लाकूड कळत होतं, वाद नाही. त्याआधी त्यांनी अमेरिकेतल्या नोल कंपनीसाठी लाकडी खुर्ची केली होती. पण या विशिष्ट फळीत रेषा कुठे वळली आहे, गाठ कुठे आहे, कुसू किती घट्ट बसेल, हे प्रत्यक्ष ज्ञान रंधा मारणाऱ्याचंच. निकष काटेकोर लावला तर कर्तेपण वाटून द्यावं लागतं. मला हेच योग्य वाटतं.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. वेत नवा, पॉलिश नवं, एक पाय नवा. खुर्ची तीच का? न्याय-वैशेषिकांचं उत्तर फार कठोर आहे. वस्त्रातून एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट झालं, उरलं ते नवं ‘खंडपट’. त्या हिशेबाने लिलावातल्या किती खुर्च्या जुन्या राहतील? आणि नागसेन तर मिलिंद राजाला विचारतो, चाक, आस, जू बाजूला केल्यावर रथ उरतो कुठे? लिलावात कुणी असं विचारलं तर त्याला बाहेर काढतील.

शेवटी कायद्याचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू साधारणपणे शंभर वर्षांची लागते. १९५५ ची खुर्ची पुरावस्तू ठरायला २०५५ उजाडेल. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या सामानाच्या विक्रीवर बंधनं घातली, २०१६ मध्ये तिथला कॅपिटॉल परिसर जागतिक वारसा झाला. पण आधी रीतसर लिलावात विकलेलं परत मागायचं कोणत्या तोंडाने? विकणारे आपणच, पावतीही आपलीच.

एका तरुणाने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, ‘आपल्याकडे असं काही आहे का?’ आहे की. जुन्या वाड्यांचे कोरीव खांब आणि दरवाजे शहरातल्या हॉटेलांत जाताहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादी हातांची लाकडी खुर्ची अजून असेल. निर्लेखनाच्या यादीत चढण्याआधी ती उलटी करून बघा, सांध्यात खिळा आहे की कुसू. आणि गावात म्हातारे सुतार असतील तर त्यांना विचारा, कुणाच्या हातची. त्यांना बहुधा ओळखता येईल.