पंच घडतो कसा?

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या आंतरवर्ग सॉफ्टबॉल सामन्यात पंच कमी पडला म्हणून मला उभे करण्यात आले. धावणारा पहिल्या बेसशी पोहोचण्याआधीच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या मोज्यात शिरला आणि मी मूठ उंचावून ‘आउट’ म्हणून मोकळा झालो. लगेच चेंडू मोज्यातून निसटून खाली पडला. निर्णय फिरवला तर पंचाची पत जाते, अशा समजुतीने मी तो तसाच ठेवला. तो मुलगा मुकाट्याने बाहेर गेला. तेव्हापासून पंच घडवतात तरी कसे, हे जाणून घ्यायची ओढ लागली.

सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल. तिथे जॉर्ज बार या पंचाने १९३५ साली पंचांसाठी शाळा काढली. अशा शाळांत नियम पाठ करावे लागतातच. पण खरी मेहनत असते ती नजरेची आणि संयमाची.

नवख्याला कॅचरच्या मागे उभे करून चेंडूंमागून चेंडू टाकतात. पिचरपासून होमप्लेट ६० फूट ६ इंचांवर, तिची रुंदी १७ इंच. ताशी ९० मैल वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात येऊन पोहोचतो. तरीही शिकवण अशी की, डोके स्थिर ठेवावे, चेंडूमागे फक्त डोळे फिरवावेत आणि तो मोज्यात पडेपर्यंत मनातही निकाल देऊ नये. क्षणभर थांबावे, मगच बोलावे.

पहिल्या बेसवर नजर धावणाऱ्याच्या पायावर ठेवायची आणि कान मोज्यातल्या आवाजाकडे. पाय आधी की आवाज आधी, हे ठरले तरी हात लगेच उचलायचा नाही. चेंडू घट्ट धरला आहे ना, हे आधी पाहायचे. माझे चुकले ते इथेच! पुढे शिक्षक चिडलेल्या संघव्यवस्थापकाचे सोंग घेऊन अंगावर धावून येतात. तेव्हा आवाज न चढवता उत्तर देण्याचीही सवय करावी लागते.

एवढे शिकूनही माणूस चुकतोच. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे अर्मांडो गालाराग्गाने लागोपाठ २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बादच होता. पण अनुभवी पंच जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले आणि अतिशय दुर्मिळ असा विक्रम हुकला. सामन्यानंतर चित्रण पाहून त्यांनी चूक कबूल केली व गालाराग्गाची माफी मागितली.

जॉइस यांना त्यासाठी एक रात्रही लागली नाही. मला त्या मुलापुढे ‘चुकलो’ म्हणायला सहा महिने लागले.