सुवास वेलीचा, मेहनत जंतूंची

दिवाळीच्या फराळात वेलची, जायफळ आणि केशर यांचा मान मोठा. पण घरातल्या मुलांना विचाराल, तर त्यांचा कौल आईस्क्रीम, केक आणि बिस्किटे यांनाच पडेल. या तिन्हींमागे बहुधा एकच सुवास असतो, तो व्हॅनिलाचा. मात्र त्यांत व्हॅनिलाची शेंग पडली असेल, अशा भ्रमात राहू नका! या सुवासाचा मुख्य रेणू म्हणजे व्हॅनिलिन. जगात खपणाऱ्या व्हॅनिलिनपैकी फारच थोडे शेंगेतून येते. बहुतेक सारे कारखान्यात, खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून तयार होते. आता या धंद्यात एक तिसरा कारागीर उतरला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पगार मागत नाही आणि साखर खाऊन सुवास देतो. त्याचीच ही हकीकत.

बारा वर्षांच्या मुलाची युक्ती

व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातली वेल, मूळची मेक्सिकोकडची. दुसऱ्या देशांत लावली, तर ती वाढे, फुले, पण शेंग धरीना. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एदमों आल्बियुस नावाचा एक गुलाम मुलगा होता. 1841 साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने फुलाचे परागण करण्याची सोपी रीत त्याने शोधली. आजही मळ्यांतून त्याच रीतीने एकेक फूल हाताने फळवतात. फूल उमलते ते एका सकाळपुरते. ती वेळ चुकली की शेंग गेली! पुढे शेंग पिकायला आठ-नऊ महिने आणि ती मुरवून वाळवायला आणखी काही महिने लागतात. एवढे करून किलोभर वाळलेल्या शेंगांत व्हॅनिलिन निघते ते सुमारे वीस ग्रॅम. मग शेंग महाग का, हे वेगळे सांगायला नको. ज्याने या धंद्याचे दार उघडले, तो एदमों मात्र 1880 साली दारिद्र्यातच वारला.

रसायनशास्त्रज्ञांनी 1874 साली जर्मनीत दुसरी वाट काढली. टीमान आणि हार्मान या दोघांनी पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवले. तेव्हापासून सुवास वेलीवरून उतरून कारखान्यात शिरला.

जंतूला नवी विद्या

जंतूंकडून चव करून घेणे आपल्या गृहिणींना नवीन नाही. रात्री दुधाला विरजण लावायचे, सकाळी दही तयार! विरजणातले जंतू दुधातली साखर खाऊन आंबटपणा देतात. पण जंतू देईल ते आपण घ्यायचे, असा तो व्यवहार होता. हवे तेच द्रव्य त्याच्याकडून करवून घेण्याची विद्या मात्र अगदी अलीकडची.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात ली आणि फ्रॉस्ट यांनी 1998 साली ई. कोलाय या जंतूची जनुके बदलून त्याला ग्लुकोजपासून व्हॅनिलिक आम्ल करायला लावले आणि एका बुरशीच्या एन्झाइमने त्याचे व्हॅनिलिन केले. 2009 साली पाव फुगवणाऱ्या यीस्टवर असाच प्रयोग झाला. यीस्ट हा बॅक्टेरिया नव्हे, त्याचे कूळ बुरशीचे. त्याला एक जनुक शेणावरच्या बुरशीचे दिले, एक बॅक्टेरियाचे आणि एक चक्क माणसाचे! तिघांच्या जोरावर साखरेचे व्हॅनिलिन झाले.

पण एक अडचण होती. व्हॅनिलिन जास्त साठले, की ते करणाऱ्या पेशीलाच बाधते. यावर उपाय असा, की एका वनस्पतीचे चौथे जनुक घालून व्हॅनिलिनच्या रेणूला साखरेचा रेणू जोडायचा, म्हणजे त्याची नांगी मोडते. गंमत अशी, की व्हॅनिलाची वेलही नेमके हेच करते. हिरव्या शेंगेत व्हॅनिलिन साखरेला बांधलेले असते, म्हणून तिला तो सुवास नसतो. मुरवताना ती गाठ सुटते आणि घमघमाट सुटतो.

2021 साली तर एडिंबरा विद्यापीठात ई. कोलायने प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या टेरेफ्थॅलिक आम्लाचे व्हॅनिलिन करून दाखवले.

खरे कोणते?

"मग हे खरे की खोटे?" हे ऐकून आमच्या शेजारच्या वहिनींनी मला विचारले. मी म्हणालो, "वहिनी, रेणू तिन्हीकडे एकच. शेंगेतला, तेलातला, जंतूचा, तिळमात्र फरक नाही. पण शेंगेत त्याच्या जोडीला इतर अनेक सुगंधी द्रव्ये असतात. एकट्या तंबोऱ्याने मैफल होत नाही!"

प्रश्न रेणूचा नाही, नावाचा आहे. युरोपच्या 2008 सालच्या कायद्याने वनस्पतीच्या द्रव्यापासून जंतूंनी केलेल्या सुवासालाही 'नैसर्गिक' म्हणायला मुभा दिली. पण 'नैसर्गिक व्हॅनिला सुवास' असे लिहायचे, तर त्यातला किमान 95 टक्के सुवास व्हॅनिलाच्या शेंगेतूनच यायला हवा. एका शब्दाचाच फरक, पण शेतकऱ्याचे पोट त्या शब्दावर आहे.

हे पोट किती नाजूक, ते केरळ आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना विचारा. या शतकाच्या आरंभी भाव आभाळाला भिडले, म्हणून कित्येकांनी हौसेने वेली लावल्या. 2004 नंतर भाव असे कोसळले, की अनेकांनी त्याच वेलींकडे पाठ फिरवली.

म्हणून माझे मत असे: जंतूने स्पर्धा करावी ती खनिज तेलाशी, वेलीशी नव्हे. बाजारातला मोठा हिस्सा तेलाच्या व्हॅनिलिनचा आहे. तो साखरेवर वाढलेल्या जंतूंनी खुशाल घ्यावा, त्यात भलेच आहे. पण जंतूच्या सुवासावर वेलीचे चित्र छापून दाम उकळणे ही विज्ञानाची करामत नव्हे, ती दुकानदारी झाली. तिला आळा घालणे कायद्याइतकेच आपल्याही हाती आहे. आपण तांदूळ निवडून घेतो, भाजी पारखून घेतो. तशी पुड्यामागची बारीक अक्षरेही चष्मा लावून वाचावीत!