पेन्सिलीआधी कणीक

दिवाळी सरली की तीन वर्षांचं मूल असलेल्या घरांत एकच चर्चा : नाव कुठे घालायचं? मग माहितीपत्रकं जमतात. एसी वर्ग, सीसीटीव्ही, फोनिक्स, अबॅकस यांची तुलना होते. पण बालवाडी कागदावरून कळत नाही. ती भरलेली असताना तासभर बसून बघावी लागते.

तिथे भिंतीवरच्या चित्रांपेक्षा मुलांचे हात बघावेत. या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चाच असतात, बोटांतही पुरतं बळ आलेलं नसतं. कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतणं ही सगळी लिहिण्याचीच तयारी. ती व्हायच्या आतच रोज पानभर ‘अ’ गिरवून घेणारी शाळा पाया भरण्याआधी कळस चढवते.

हे आपल्याकडे कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं हाताशी धरली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

दुसरी परीक्षा रडण्याची. एखादं पोर आईसाठी हंबरडा फोडतं, तेव्हा ताई काय करतात? जवळ घेतात, की ‘बाकीचे बघ कसे शहाणे!’ म्हणतात? चड्डी ओली झाली तर मावशी कुरकुर न करता बदलतात का? मूल घरची भाषा बोललं तर ती वर्गात चालते का? एका ताईंकडे किती मुलं? आणि शाळा घरापासून किती लांब? रोज तासभर व्हॅनमध्ये झोपा काढणाऱ्या मुलाला नामांकित शाळेचा काय उपयोग?

घाईचंही कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीआधीची तीन वर्षं खेळातून शिकण्यासाठीच ठेवली आहेत आणि पहिलीचं वय सहा धरलं आहे.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असं विचारलंत, तर उत्तर बहुधा ‘काही नाही’ असंच येईल. तेव्हा नखं बघा. त्यांत माती किंवा कणीक असेल, तर शाळा बरी निवडलीत.