मलिद्याचं ताट आणि मराठी कीर्तन

वसई तालुक्यातल्या आमच्या आगाशीहून कोणाकडे जायचं तर हातात सुकेळीचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा पुडा हवाच. ठाण्याच्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी एक बेने इस्रायली बाई बसत. त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी घरी मलिदा होता. मी सुकेळी घेऊन गेले.

मोठ्या ताटात धुऊन निथळलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची. भोवती फळं रचलेली. पुरुषांनी हिब्रूत प्रार्थना म्हटल्या, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं स्मरण केलं. झाडाच्या फळांसाठी आशीर्वचन वेगळं आणि जमिनीच्या फळांसाठी वेगळं. केळं जमिनीच्या फळांत धरतात, असं बाईंनी सांगितलं. मला ते चटकन पटलं. केळीला झाड म्हणायचं कसं? एकदा घड उतरला की ते खोड संपलं, हे आमच्या वाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. माझी सुकेळीही त्या ताटात गेली आणि प्रसादासारखी वाटली गेली.

ज्यू धर्म जगभर आहे, पण मलिदा खास आपल्या कोकणातल्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्रायलींचा. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात जोडपी वाचली. त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवार हा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद. त्यावरून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं आली: रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. सणांनाही घरगुती मराठी नावं पडली. नव्या वर्षाचा नव्याचा सण, पुढे खिरीचा सण, उपासाची दरफळणी, तिच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण त्या उपासाला जोडून होणाऱ्या जेवणात वालाचं बिरडं असे.

मुंबईतली पहिली बेने इस्रायली प्रार्थनागृहाची वास्तू सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवीत उभारली. पुढे अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण, ठाणे अशी साखळीच झाली. ठाण्याचं ‘शाअर हाशामाईम’ 1879 चं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आज देशभरात जेमतेम काही हजार ज्यू उरले आहेत. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या कित्येक गावांत ते दहा जमवणं आता कठीण झालं आहे.

मग वारसा टिकणार कसा? इमारतींची डागडुजी हवीच. मुंबईत काळा घोड्याजवळचं 1884 चं ‘केनेसेथ एलियाहू’ 2019 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा झळाळलं, याचा मला आनंद आहे. पण नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर प्रार्थनागृहांच्या दारात बंदोबस्त आला, ओळखपत्र दाखवावं लागतं. सहज डोकावणारा शेजारी त्यामुळे दुरावला. म्हणूनच उघड्यावर होणाऱ्या कार्यक्रमांचं मोल मला फार वाटतं. हनुक्का सणाच्या दिवसांत गेटवे ऑफ इंडियासमोर दिवे लागतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण मानला जाणारा कातळ आहे. माघाच्या सुमारास येणाऱ्या झाडांच्या सणाला तिथे मलिदा होतो. या सणालाच जुनी मंडळी ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हणत.

तिकडे इस्रायलमध्ये गेलेल्यांनी आपलं मराठीपण दारामागे ठेवलेलं नाही. तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. 1996 मध्ये जागतिक मराठी परिषदेचं अधिवेशन इस्रायलमध्ये भरलं. त्यांनी एवढं केलं, आता असे कार्यक्रम करायची पाळी आपली आहे.

आणि कार्यक्रम कसा करायचा हे शोधायला लांब जायला नको. याच समाजाने तो घालून दिला आहे. 1880 मध्ये मुंबईत बेने इस्रायली मंडळींनी ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ काढलं. हरिकीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं रचली. आपल्या कीर्तनाला शोभतील अशा मराठी चालींवर ती गायली गेली. पेसाह सणाची पोथी, हगादा, 1846 मध्ये मुंबईत मराठीसह शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुण्याच्या हगाद्यात तर चित्रातल्या बायका साड्या नेसून, जमिनीवर बसून बेखमीर पोळ्या करताना दिसतात. धर्माची गोष्ट मराठी माणसाला मराठीत सांगायची, ही त्यांची जुनी रीत. इस्रायलमधल्या ज्येष्ठ बेने इस्रायली बायका ती मराठी गाणी गटागटाने गात आल्या आहेत.

आमच्या वसई तालुक्याला हे परकं वाटायला नको. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला जुना करार म्हणजे मुळात ज्यूंचाच धर्मग्रंथ. आमच्या जवळचं सोपारा हेच शलमोन राजाला सोनं पुरवणारं ओफिर बंदर, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ते खरं असो वा नसो, या किनाऱ्याचं आणि पश्चिमेकडच्या बंदरांचं नातं जुनं आहे. इथे देऊळ, चर्च आणि जैन मंदिर एकाच रस्त्याच्या अंतरावर आहेत. इथल्या ख्रिस्ती मंडळींनी आपली सामवेदी बोली, लाल लुगडी, गाणी मंचावर आणली आणि नव्या पिढीला त्यांचा अभिमान वाटू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गावोगावच्या वाचनालयांनी आणि व्याख्यानमालांनी वर्षातली एक संध्याकाळ बेने इस्रायली कीर्तनाला द्यावी. समाजाच्या ज्येष्ठांना आधी विचारावं, काय दाखवायचं ते त्यांनी ठरवावं. शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ असतो, तेव्हा आपल्या सवयीचा शनिवार सोडून रविवार धरावा. मांस आणि दूध ते एकत्र खात नाहीत. मलिद्यात दोन्ही नसतं, त्यामुळे तो ठेवायला हरकत नाही. गाणाऱ्यांना मानधन द्यावं. गाणी ध्वनिमुद्रित करून, शब्द लिहून घेऊन वाचनालयात ठेवावीत. शाळांनी पाचवी-सहावीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवावं.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदावरचा मान मिळाला, पण श्रोते सरकार देऊ शकत नाही, ते आपल्यालाच व्हावं लागेल. कीर्तनकार एकटा कीर्तन करत नसतो. त्याने टाळी मागितली की समोरून ती यावी लागते. बेने इस्रायलींच्या मराठी कीर्तनाला ती टाळी देणं हे आपलं काम आहे, आणि ती जुनी गाणी ठाऊक असलेली पिढी आपल्यात आहे तोवरच ते करायला हवं.